जुना मळलेला फिशटँक घरी आणलाय? धुवायला घेण्याआधी हे वाचा (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

सेकंडहँड टँक घेण्यात काही कमीपणा नाही, माझ्या घरातले तिन्ही टँक जुनेच घेतलेले आहेत आणि ओळखीतल्या बऱ्याच जणांनाही मी साफ करून दिलेत. प्रत्येक वेळी फोनवर तेच तेच प्रश्न येतात म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतेय. टँक बघायला किती घाण आहे त्यावर फार जाऊ नका. आधी त्या टँकमध्ये काय झालं होतं आणि तुम्ही तो कशाने धुताय, खरा फरक या दोन गोष्टींनी पडतो. शेवाळ निघतं, क्षार निघतात, पण घाईत काहीतरी भलतंच ओतलं तर ते मात्र माशांना भोवतं, आणि कधीकधी आपल्यालाही.

घेताना विकणाऱ्याला काय विचारू?

भाव करायच्या आधी विचारा की शेवटचे मासे कसे गेले. लाजू नका, सरळ विचारा. दुसऱ्याला देऊन टाकले, म्हातारे होऊन एकेक करत गेले, की आठवड्याभरात सगळे पटापट मेले? शेवटचं उत्तर आलं तर टँक घेऊ नका असं मी म्हणत नाही, पण मग नुसतं धुऊन चालणार नाही, नीट निर्जंतुक करावा लागेल. मग विचारा की टँक रिकामा किती दिवस पडलाय, कधी गळला होता का, दुरुस्त केलाय का, औषधं कुठली टाकली होती, आणि माशांशिवाय दुसरं काही त्यात ठेवलं होतं का. हा शेवटचा प्रश्न बहुतेक जण विसरतात. रिकामा टँक म्हणजे घरात एक मोठा डबाच, त्यात लोक काय वाट्टेल ते भरून ठेवतात. रंगाचे डबे, थिनर, झाडांवर मारायचं कीटकनाशक, रॉकेल असलं काही त्यात सांडलेलं असेल तर फुकट दिला तरी आणू नका. कासव होतं असं सांगितलं तर टँक चालेल, पण कासवांच्या अंगावर साल्मोनेला (जुलाब-ताप आणणारा जंतू) असू शकतो म्हणून ग्लोव्हज घालूनच हात लावा आणि स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये तर अजिबात धुऊ नका.

टँक बघताना मोबाइलचा टॉर्च काचेला आडवा लावा, तडा असेल तर चमकतो. चारही कोपरे बोटाने चाचपा, सिलिकॉन कुठे सुटून आलंय का, नखाने उचकटतंय का ते बघा. कडेला छोटा टवका उडालेला असला तर एक वेळ चालतो, तळाच्या काचेला तडा असेल तर नको.

आणताना फुटणार तर नाही ना?

पाणी आणि खडी पूर्ण काढूनच उचला, थोडंसं पाणी राहू दे, काय होतंय, असं करू नका. ६० बाय ३० बाय ३० सेंटिमीटरचा आपला नेहमीचा दोन फुटी टँक घ्या, त्यात ५४ लिटर पाणी बसतं म्हणजे ५४ किलो, वर काचेचं वजन नऊ-दहा किलो आणि खडी असेल तर आणखी दहा. एवढं वजन हलवताना काच वाकते आणि सांधा सुटतो. दोघांनी खालून हात घालून उचला, वरच्या पट्टीला धरून नाही. रिक्षात खाली जुनी गोधडी घाला.

घरी आणला, आता पहिलं काय करू?

काहीही खरवडू नका, आधी भिजवा. हे मी मुद्दाम सांगतेय, कारण आपल्याकडे जुना टँक सापडतो तो बहुतेक गॅलरीत नाहीतर गच्चीवर, आणि त्यात कबुतरांची विष्ठा वाळून बसलेली असते. ती सुकी सुकी खरवडली की धूळ उडते आणि ती धूळ छातीत गेली की फुफ्फुसाचे आजार होऊ शकतात. दम्याचं माणूस, लहान मूल किंवा गरोदर बाई घरात असेल तर त्यांना तिथून लांब ठेवा. तोंडाला चांगला मास्क, हातात कोपरापर्यंतचे रबरी ग्लोव्हज, आणि पाणी हळू ओता, पाइपचा जोराचा फवारा मारला तर घाण उडते. तासभर भिजू द्या. मग लगदा प्लास्टिकच्या उलथन्याने नाहीतर जुन्या कार्डाने गोळा करून पिशवीत भरा, पिशवी बांधून कचऱ्यात टाका.

कबुतरं नसली, नुसतं जुनं कुबट पाणी आणि चिखल असला तरी ग्लोव्हज घालाच. हातावर चीर, खरचटलेलं, भाजी चिरताना सुरी लागून झालेला काप काहीही असेल तर विशेष करून. कारण खाली माशांच्या टीबीच्या प्रश्नात सांगितलंय.

भांड्यांचं लिक्विड थोडंसं वापरलं तर चालेल का?

नाही. थोडंसंही नाही, आणि साबण, कपड्यांची पावडर, फरशीचं सुगंधी लिक्विड, काच पुसायचा निळा स्प्रे, यातलं काहीच नाही.

माझा दुसरा टँक मी लिक्विडने धुतला होता. लख्ख झाला, सात-आठ पाण्याने धुतला, वास घेतला तर काही नाही, म्हणून सहा गप्पी सोडले. एअर पंप चालू केल्यावर कोपऱ्यात बारीक पांढरा फेस जमायला लागला आणि तो फुटतच नव्हता, मला वाटलं नवीन पाण्याचे बुडबुडे असतील. संध्याकाळी सगळे गप्पी वर येऊन तोंड उघडून श्वास घेत होते आणि सकाळी सहातले चार गेले. अजून वाईट वाटतं, कारण हे टाळता येण्यासारखं होतं. साबणातलं जे तेलकटपणा काढतं तेच माशाच्या कल्ल्यांवरचा नाजूक थर खराब करतं, मग पाण्यात हवा असून माशाला ती घेता येत नाही. आणि काच धुतली गेली तरी सिलिकॉनच्या कडांत, ओरखड्यांत साबण अडकून राहतो.

तुमच्या टँकला आधीच्या मालकाने साबण लावला असेल अशी शंका असली तर एक सोपी परीक्षा आहे. टँकमध्ये साधं पाणी भरा, एअर स्टोन (पंपाच्या नळीला लावायचा, बारीक बुडबुडे काढणारा दगड) टाकून तासभर पंप चालवा. बुडबुडे वर येऊन लगेच फुटले तर ठीक. कोपऱ्यात फेस साठून तसाच बसला तर पाणी ओतून द्या, पुन्हा भरा, रात्रभर ठेवा, पुन्हा ओता, फेस धरणं थांबेपर्यंत हेच करत राहायचं. वेळ लागतो पण दुसरा इलाज नाही.

शेवाळ काचेवर वाळून अगदी चिकटून बसलंय, ते कसं काढू?

भिजवणं हेच निम्मं काम आहे. साध्या पाण्याने भरून एक रात्र ठेवा, पण भरताना टँक सपाट जागी आणि बाथरूममध्येच ठेवा, कारण गळतो की नाही ते अजून आपल्याला माहीत नाही. सकाळी हिरवं शेवाळ जुन्या एटीएम कार्डाने पापडासारखं सुटून येतं. जे नाही सुटत त्यासाठी दाढीचं साधं ब्लेड, पण काच ओली पाहिजे आणि ब्लेड अगदी आडवं, काचेला जवळजवळ टेकवून एकाच दिशेने सरकवायचं. सांध्यापासून बोटभर अलीकडेच थांबा. ब्लेडने सिलिकॉन कापलं गेलं की पुढचा सगळा व्याप वाढतो.

टँक काचेचा नसून अ‍ॅक्रिलिकचा (पारदर्शक प्लास्टिकचा) असेल तर ब्लेड नकोच, नुसता मऊ स्पंज, त्याला बघता बघता चरे पडतात. टिचकी मारून बघा, काच टणक वाजते, अ‍ॅक्रिलिक बद्द वाजतं.

घासायला जाड मीठ वापरा. ओल्या फडक्यावर मूठभर खडे मीठ घेऊन गोल गोल घासायचं, मीठ काचेपेक्षा मऊ असतं त्यामुळे चरा पडत नाही आणि धुतलं की विरघळून जातं, मागे काही राहत नाही. खायचा सोडाही चालतो. तारेची घासणी, राख, भांडी घासायची पावडर हे नको. आणि घासण्याआधी काचेवर वाळूचा एक कण उरलेला नाही ना ते बघा, वाळू काचेपेक्षा कडक असते, फडक्यात एक खडा अडकला तरी काचेवर कायमची रेघ उमटते.

वरच्या कडेला पांढरी जाड रेघ आहे, घासून घासून हात दुखले तरी जात नाही. काय करू?

हे क्षार आहेत, मुख्यतः कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे. बोअरचं किंवा टँकरचं पाणी असलं की पाणी उडून जातं आणि क्षार काचेवर थर धरून बसतात, आमच्या सोसायटीत गीझरच्या कॉइलवर आणि नळाच्या तोंडावर जो थर बसतो ना, तोच. घासून तो जात नाही, आंबट लावून जातो.

किराणा दुकानातलं साधं पांढरं व्हिनेगर घ्या, साधारण चार टक्क्यांचं असतं. टँक आडवा करा म्हणजे खराब काच तळाला येईल. जुन्या सुती धोतराच्या नाहीतर ओढणीच्या पट्ट्या व्हिनेगरमध्ये बुडवून, जराशा पिळून क्षारांच्या रेघेवर चिकटवा, वरून प्लास्टिकची पिशवी दाबून ठेवा म्हणजे सुकणार नाही. आता जवळून बघितलंत तर पट्टीच्या कडेला बारीक बारीक बुडबुडे दिसतील, मोहरीहूनही लहान, म्हणजे काम चालू झालंय. तास-दोन तासांनी पट्टी उचलून कार्डाने खरवडा, वरचा थर ओल्या खडूसारखा निघतो. खालचा थर राहिला तर पुन्हा पट्टी लावा. खूप जुना थर असेल तर रात्रभर. माझ्या तीन फुटी टँकला चार वेळा लावावी लागली होती, तेव्हा पहिल्या फेरीत गेलं नाही म्हणून निराश होऊ नका.

व्हिनेगर खूप लागणार असेल तर लिंबूसत्व स्वस्त पडतं. एक लिटर कोमट पाण्यात दोन मोठे चमचे, तसंच पट्ट्यांनी लावायचं. कोमट म्हणजे कोमटच, कडकडीत पाणी गार काचेवर ओतलं तर काच तडकते. घरातलं अर्धं कापलेलं लिंबू छोट्या डागांना पुरतं.

हार्डवेअरच्या दुकानात मिळणारं टाइल्स धुवायचं अ‍ॅसिड किंवा टॉयलेट क्लीनर आणू नका. क्षार जातील हो पटकन, पण त्याच्या वाफा, हातावर उडणारे थेंब, हे सगळं दोन फुटी टँकसाठी कशाला ओढवून घ्यायचं. काम झालं की साध्या पाण्याने तीन-चारदा धुवा, आंबट वास पूर्ण गेला पाहिजे.

क्षार गेले तरी काच धूसरच दिसतेय.

पाण्याचा हात फिरवून बघा. ओली असताना स्वच्छ दिसत असेल तर टँक भरल्यावर आतली बाजू स्वच्छच दिसेल. ओली असूनही पांढुरकी दिसली तर काच खरडली गेलीय किंवा कायमची खराब झालीय, ती काही नीट होत नाही, ती बाजू भिंतीकडे करा आणि मागून काळा कागद लावा. मासे त्याने बिघडत नाहीत.

ब्लीच वापरू का? भीती वाटते.

भीती वाटणं बरोबर आहे, पण प्रमाणात आणि एकटं वापरलं तर ब्लीच चांगलं काम करतं. प्रत्येक टँकला लागतंच असं नाही. नुसतं शेवाळ आणि क्षार होते, मासे चांगले होते, तर व्हिनेगर, मीठ आणि कडक ऊन पुरे. मासे आजाराने गेले असतील, किंवा काहीच इतिहास माहीत नसेल तर करा.

आता एक गोष्ट पाठच करून ठेवा, व्हिनेगर आणि ब्लीच कधीही एकत्र येता कामा नये. लिंबूसत्वही नाही, टॉयलेट क्लीनर तर मुळीच नाही, या मिश्रणातून क्लोरीन वायू निघतो आणि बंद बाथरूममध्ये तो जिवावर बेततो. काच पुसायच्या काही स्प्रेंमध्ये अमोनिया असतो, तोही ब्लीचबरोबर विषारी वायू करतो. म्हणून माझा नियम असा की ज्या दिवशी व्हिनेगर त्या दिवशी ब्लीच नाही. व्हिनेगरचं काम उरकून टँक भरपूर धुवायचा, रात्रभर सुकू द्यायचा आणि ब्लीच दुसऱ्या दिवशी, बादली वेगळी, फडकं वेगळं.

बिनवासाचं साधं ब्लीच घ्या, ज्यात सुगंध किंवा साबण घातलेला नाही असं. १ भाग ब्लीच आणि १९ भाग पाणी, म्हणजे एक लिटरला ५० मिली. पूर्ण टँक भरायची काही गरज नाही, ५४ लिटरला पावणेतीन लिटर ब्लीच लागेल, कशाला? एक-दोन लिटर बनवा आणि स्पंजने सगळ्या आतल्या काचा, कोपरे, सांधे ओले करा, सुकायला लागलं की पुन्हा ओले करा, असं दहा-पंधरा मिनिटं. गॅलरीत करा, खिडक्या उघड्या, जुने कपडे, ग्लोव्हज, डोळ्यांना चष्मा. मुलं आणि मांजर आत. आधी घाण पूर्ण काढलेली असली पाहिजे, कारण शेवाळावर आणि चिखलावर ब्लीच मारलं की त्याची ताकद तिथेच संपते आणि जंतू खाली तसेच राहतात.

मग धुवा, धुवा आणि पुन्हा धुवा. शेवटच्या पाण्यात मत्स्यालयाच्या दुकानात मिळणारं अँटिक्लोरीन टाका, ते बहुतेक करून सोडियम थायोसल्फेट असतं, जुने लोक त्याला हायपो म्हणतात. बादलीभर पाण्याला छोटा चमचाभर टाकून त्या पाण्याने सगळा टँक आतून विसळा, अर्धा तास ठेवा, ओता. मग दोन दिवस कडक उन्हात पालथा न घालता आडवा ठेवून वाळवा. वास घेऊन बघा, पोहण्याच्या तलावासारखा जराही वास आला तर पुन्हा अँटिक्लोरीन.

ब्लीचऐवजी पोटॅशियम परमँगनेट चालेल?

चालतं, पण काच आणि सिलिकॉन तपकिरी होतं आणि हात आठवडाभर तसेच राहतात. आणि तेही ब्लीच किंवा अ‍ॅसिडमध्ये मिसळायचं नाही. मी वापरत नाही. नुसतं पूर्ण कोरडं करणं हेसुद्धा मोठं औषध आहे, पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगाचा जंतू पूर्ण कोरड्या टँकमध्ये जगत नाही.

माशांचा टीबी माणसाला होतो का?

फुफ्फुसाचा आपला टीबी नाही, पण त्याच्याच कुळातला मायकोबॅक्टेरियम मरिनम नावाचा जंतू जुन्या टँकच्या पाण्यात असू शकतो आणि हातावरच्या जखमेतून शिरू शकतो. साधारण दोन-चार आठवड्यांनी बोटावर किंवा मनगटावर लालसर जांभळी गाठ येते, बरी होत नाही, कधी त्याच हातावर वर वर आणखी गाठी येतात. नेहमीच्या मलमाने आणि साध्या अँटिबायोटिकने फरक पडत नाही, बरेच आठवडे किंवा महिने योग्य औषध घ्यावं लागतं. अशी गाठ आली तर डॉक्टरांना आपणहून सांगा की मी फिशटँक साफ केला होता. हे वाक्य सांगितलं नाही तर निदान लांबतं, कारण डॉक्टरांच्या डोक्यात मासे येणार कुठून.

आधीच्या मालकाचे मासे पोट खपाटीला जाऊन, पाठ वाकडी होऊन हळूहळू गेले असतील तर टीबीची शंका घ्या. हे जंतू क्लोरीनला सहज दाद देत नाहीत, त्यामुळे ब्लीचनंतर टँक पूर्ण वाळवून ७० टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल मेडिकलमधून आणून आतून सगळीकडे लावा, काही मिनिटं ओलं राहू द्या, मग उडून जाऊ द्या. ते पेट घेतं, देव्हाऱ्यातला दिवा, गॅस, सिगारेट, काही जवळ नको. खडी, स्पंज, जाळी, शोभेची खेळणी मात्र फेकून द्या, त्यात जीव अडकवू नका.

सिलिकॉन निळं पडलंय, विषारी आहे का?

मिथिलीन ब्लू नावाच्या औषधाचा डाग आहे, माशांना काही होत नाही. निघतही नाही, सोडून द्या. पण तांब्याचं औषध वापरलं होतं असं कळलं तर त्या टँकमध्ये कोळंबी आणि गोगलगाई ठेवायचं टाळा, त्यांना तांबं अगदी थोडंही सोसत नाही. काळं पडलेलं सिलिकॉन म्हणजे बऱ्याचदा आत शिरलेलं शेवाळ किंवा बुरशी, जुन्या टूथब्रशने घासा, आणि जिथे ते काचेपासून सुटून त्याच्या मागे काळं दिसतंय तिथे गळतीची शक्यता धरा.

गळतो की नाही कसं बघू?

सगळं साफ झाल्यावर सपाट जागी, खाली थर्माकोलची शीट, त्यावर कोरडा वर्तमानपत्राचा कागद, त्यावर टँक. आधी एक तृतीयांश भरा आणि दोन-तीन तास थांबा, मग पूर्ण. पाण्याच्या रेघेवर बाहेरून चिकटपट्टी लावून ठेवा. निदान २४ तास, जमलं तर ४८. उन्हाळ्यात पाणी थोडं उडून जातं, चिकटपट्टीच्या खाली दोन-चार मिलिमीटर गेलं म्हणून घाबरू नका, कागद बघा. वर्तमानपत्र खोटं बोलत नाही, एक थेंब आला तरी कागद फुगतो आणि कुठून आला ते कळतं. वर्षानुवर्षं कोरडा पडलेला टँक तर हॉलमध्ये स्टँडवर ठेवून पहिल्यांदा भरू नकाच.

गळला तर वरून थोडं सिलिकॉन लावून भागेल?

नाही भागत. वाळलेल्या सिलिकॉनला नवीन सिलिकॉन नीट धरत नाही. आतल्या बाजूची जुनी पट्टी पूर्ण, चारही बाजूंनी, ब्लेडने काढावी लागते, काच अल्कोहोलने पुसावी लागते आणि मग सलग नवीन पट्टी. सिलिकॉन आणताना बुरशीरोधक असं लिहिलेलं, बाथरूमसाठीचं घेऊ नका, त्यातलं बुरशीचं औषध माशांना घातक असतं. साधं शंभर टक्के सिलिकॉन, जे लावल्यावर व्हिनेगरसारखा वास येतो. तो वास पूर्ण जाईपर्यंत, म्हणजे आठवडाभर तरी, पाणी भरू नका. तीन फुटांच्या पुढचा टँक असेल तर टँक बनवणाऱ्या कारागिराकडेच द्या.

जुनी खडी वापरू शकतो का?

बादलीत घेऊन तांदूळ धुतो तसं चोळून धुवा, पाणी नितळ येईपर्यंत. मग वरून उकळतं पाणी ओता. दगड भांड्यात घालून गॅसवर उकळू नका, काही दगडांत हवा-पाणी अडकलेलं असतं आणि ते तडकून उडतात. रंगीत खडीचा रंग नखाने निघत असेल तर टाकून द्या. पांढऱ्या खडीवर व्हिनेगरचे थेंब टाका, फेस आला तर ती संगमरवर किंवा शंखशिंपल्यांची, पाण्याचा जडपणा (क्षारांचं प्रमाण) वाढवत राहते. मोली जातीच्या माशांना चालेल, आपल्याकडे आधीच बोअरचं पाणी जड, मग बाकीच्यांना कशाला.

सोबत आलेला फिल्टर, हिटर, पंप?

वायर हातात धरून पूर्ण लांबी तपासा. कुठे चिकटपट्टी गुंडाळलेली, कडक होऊन चिरलेली, प्लगजवळ वितळलेली असेल तर ती वस्तू भंगारात, पाणी आणि वीज यात काटकसर नको. फिल्टर उघडून आतला चुंबकाचा पंखा काढा, बहुतेक वेळा त्यावर केस आणि शेवाळ गुंडाळलेलं असतं, ते काढून व्हिनेगरच्या पाण्यात ठेवलं की घरघर आवाज थांबतो. स्पंज नवीन घाला (टँकसोबत जिवंत मासे आले असतील तर मात्र नाही, ते पुढच्या प्रश्नात). हिटरच्या काचेत तडा किंवा आत ओल दिसली तर फेका, चांगला असेल तरी पाण्यात बुडवल्याशिवाय चालू करू नका आणि बंद करून पंधरा मिनिटं थांबल्याशिवाय बाहेर काढू नका.

घरात ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी (वीज गळली की लगेच पुरवठा तोडणारा स्विच) आहे का ते इलेक्ट्रिशियनकडून बघून घ्या. वायरीला प्लगच्या खालपर्यंत झोळ द्या म्हणजे ओघळलेलं पाणी झोळातून खाली पडेल, प्लगमध्ये जाणार नाही. आणि टँकमध्ये हात घालण्याआधी सगळी बटणं बंद, दर वेळी.

टँकसोबत जिवंत मासेही मिळाले, पाणी अगदी काळं आहे. सगळं बदलू?

थांबा, इथे दयाळूपणाने केलेली घाईच मासे मारते. महिनोन् महिने घाण पाण्यात राहिलेले मासे त्या पाण्याला सरावलेले असतात. असं जुनं पाणी बहुतेक वेळा आम्ल झालेलं असतं आणि आम्ल पाण्यात साठलेला अमोनिया माशांना फारसा न बाधणाऱ्या रूपात असतो. त्यात एकदम भरपूर नवीन जड पाणी ओतलं की तोच अमोनिया विषारी होतो, शिवाय पाण्याचा सगळा गुणधर्म एका झटक्यात बदलतो, आणि सकाळी टँक स्वच्छ, मासे तळाला.

त्यामुळे मासे त्यांच्याच पाण्यासह मोठ्या टबमध्ये घ्या, पंप लावा, वर जाळी झाका. फिल्टरचा जुना स्पंज फेकू नका, तो त्याच पाण्यात ओला ठेवा, त्यावरचे जिवाणूच माशांची घाण पचवतात. रोज दहा-पंधरा टक्के पाणी बदला, अँटिक्लोरीन घालून. दोन-तीन आठवड्यांत पाणी हळूहळू चांगलं होतं. टँक तोवर बाजूला व्हिनेगर आणि मिठाने साफ करा, ब्लीच या वेळी नको.

पावसाळ्यात टँक भिजत ठेवला तर डास होतील का?

होतात. डेंग्यूचा एडिस डास स्वच्छ साचलेल्या पाण्यातच अंडी घालतो आणि आठवडा-दहा दिवसांत डास बाहेर. वरून त्याची अंडी पाण्याच्या रेघेच्या जरा वर काचेला चिकटलेली असतात आणि कोरडी पडली तरी महिनोन् महिने टिकतात, म्हणजे गच्चीवरून आणलेल्या कोरड्या टँकमध्येही ती असू शकतात. म्हणून कडा घासायच्याच, नुसतं विसळून भागत नाही. भिजवलेलं पाणी दोन-तीन दिवसांच्या वर ठेवू नका आणि रिकामा टँक पालथा घाला.

सगळं झालं, आज मासे सोडू?

आज नको. तुम्ही टँक निर्जंतुक केलात म्हणजे चांगले जिवाणूही गेले. माशांच्या विष्ठेतून अमोनिया होतो, एक प्रकारचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे त्याचं नायट्रेट, आणि ही साखळी बसायला चार ते सहा आठवडे लागतात. ओळखीच्या कुणाचा निरोगी, चालू टँक असेल तर त्यांच्या फिल्टरचा स्पंजाचा तुकडा मागून आणा, ओला ठेवून, आणि आपल्या फिल्टरमध्ये घाला, वेळ बराच कमी होतो. अमोनिया आणि नायट्राइटची टेस्ट किट घ्या, दोन्ही आधी वाढून मग शून्यावर आले की सुरुवातीला दोन-तीनच मासे. दुकानदार दहा देतील, तुम्ही तीनच आणा.

निघालेला गाळ, शेवाळ, गोगलगाई कुठे टाकू?

ओढ्यात, विहिरीत, तलावात, नदीत अजिबात नाही, आणि नको असलेला मासा तर नाहीच. उजनीत चिलापीने बाकीच्या माशांचं काय केलं ते भिगवणच्या कुठल्याही मच्छीमाराला विचारा, आणि टँकमधला सकर मासा मोठा झाला म्हणून लोक जलाशयात सोडून येतात तो आता जाळी फाडतो. शेवाळ आणि पाणवनस्पती उन्हात पूर्ण कुरकुरीत वाळवा, मग ओल्या कचऱ्यात. गोगलगाई मिठाच्या दाट पाण्यात टाकून मग पिशवीत बांधून कचऱ्यात. साधं गाळाचं पाणी, ज्यात औषध, ब्लीच, मीठ काही नाही, ते झाडांना घाला, त्याच्यासारखं खत नाही. माझ्या कढीपत्त्याला मी तेच घालते. ब्लीचचं पाणी मात्र भरपूर पाण्यात पातळ करून ड्रेनेजमध्ये ओता, झाडांना नाही.